मध्यस्थ नेमका कोणाचा?

मध्यस्थ ही व्यक्ती आपल्या समाजाला अपरिचित नाही. स्थळे सुचविणारा, भाड्याची जागा पाहून देणारा, बाजारात शेतमालाचा सौदा करून देणारा अडत्या, अशा अनेक मध्यस्थांशी मराठी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध येत आला आहे. नोकरीच्या बाजारातील मध्यस्थ मात्र त्या मानाने नवा आहे. १९४५ साली सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी सरकारने सेवायोजनाची यंत्रणा उभी केली. फाळणीनंतर ती निर्वासितांसाठी व पुढे सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने २५ वा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. पण कार्यालयाने पाठविलेला उमेदवार घेतलाच पाहिजे, असे बंधन त्यात नव्हते. नाव नोंदवायचे, मुदत संपली की कार्डाचे नूतनीकरण करायचे आणि बोलावण्याची वाट पाहायची, यात कित्येकांची उमेदीची वर्षे सरली. खाजगी क्षेत्रातील भरतीचा मोठा भाग पुढे भरती सल्लागारांच्या, रोजच्या भाषेत कन्सल्टन्सीच्या, हाती गेला.

या सल्लागाराशी वागताना आपल्याकडील उमेदवार दोन टोके गाठतो. कोणी त्याला साहेब समजून त्याच्यापुढे हात जोडतो. कोणी त्याला घरचा काका समजून त्याने आपले भले करावे अशी अपेक्षा धरतो. दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. सल्लागार आपल्यासाठी नोकरी शोधतो, असे उमेदवाराला वाटते. वस्तुतः तो कंपनीसाठी माणूस शोधत असतो, आणि त्याचा मोबदलाही कंपनीच देते.

हा व्यवहार कसा चालतो हे एकदा समजले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. उमेदवार कामावर रुजू झाला तरच बहुतेक सल्लागारांना शुल्क मिळते. प्रचलित दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण एका महिन्याच्या पगाराच्या, आसपास असतो. शिवाय ठरावीक मुदतीत, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत, उमेदवार सोडून गेला तर बदली माणूस विनामूल्य द्यावा लागतो किंवा शुल्क परत करावे लागते. म्हणूनच ‘आधीची नोकरी का सोडता?’, ‘नव्या गावी राहण्याची सोय होईल काय?’ असे प्रश्न तो पुनःपुन्हा विचारतो. त्याला खाजगी चौकशीची हौस नसते. आपण टिकाल की नाही, हे तो अजमावीत असतो. आपल्या योग्यतेची जागा त्याच्यापाशी नसली की त्याचा फोन येत नाही. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. एकाच सल्लागारावर विसंबून इतर दारे बंद करण्याचेही कारण नाही.

मग उमेदवाराचे काम कोणते? पहिले म्हणजे नेमकेपणा. ‘कोणतेही काम चालेल’ असे सांगणाऱ्याला कोठे बसवावे, हे कोणालाच कळत नाही. कोणते काम येते, कोणत्या गावी जाण्याची तयारी आहे, किमान किती पगार हवा आणि सध्याच्या नोकरीतून किती दिवसांत सुटका होईल, या चार गोष्टी प्रारंभीच सांगाव्यात. पगाराविषयी बोलताना कंपनीला पडणारा वार्षिक खर्च आणि दरमहा हाती येणारी रक्कम यांतील फरक विचारून घ्यावा. अनेकांची निराशा याच फरकातून जन्मते.

दुसरे म्हणजे सत्य. पगार फुगवून सांगणे किंवा रिकामी गेलेली दोन वर्षे झाकणे व्यर्थ आहे. वेतनपत्रक व आधीच्या मालकाचे पत्र पुढे मागितले जातेच. आजारपण, घरची जबाबदारी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, जे कारण असेल ते एका वाक्यात सरळ सांगितलेले बरे. लपविलेली गोष्ट उघडी पडली की त्या सल्लागाराचा विश्वास उडतो आणि त्याच्याकडील पुढच्या जागाही जातात.

तिसरी गोष्ट लहान दिसते, पण तिने पुष्कळ संधी नासतात. एकाच जागेसाठी दोन सल्लागारांनी एकाच माणसाचा बायोडाटा पाठविला, तर शुल्क कोणाचे, हा वाद उभा राहतो. आणि वाद नको म्हणून कंपनी उमेदवारालाच बाजूला सारू शकते. तेव्हा कंपनीचे नाव कळल्यावाचून व आपण होकार दिल्यावाचून बायोडाटा पुढे जाऊ नये, असे स्पष्ट सांगावे आणि कोणामार्फत कोठे अर्ज गेला याची वहीत नोंद ठेवावी. त्याच बैठकीत उलट प्रश्नही विचारावेत. जागा का रिकामी झाली? निवड कोण करणार? निर्णय केव्हा अपेक्षित आहे? चांगला सल्लागार अशा प्रश्नांनी चिडत नाही. मुलाखतीस सिद्ध होऊन जाणारा उमेदवार त्यालाही हवाच असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शुल्क कंपनी देते, हे ज्याला ठाऊक आहे, तो नोंदणी, प्रशिक्षण वा अनामत रक्कम अशा नावांनी पैसे मागणाऱ्याला तेथेच ओळखतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९७ च्या करारात खाजगी सेवायोजन संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व मान्य केले. परदेशी नोकरीच्या बाबतीत आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने भरती एजंटास नोंदणी सक्तीची केली, आणि पुढे नियमांनी सेवाशुल्कावर ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. आखाताकडे निघालेल्या तरुणाने एजंटाचा नोंदणी क्रमांक आधी तपासावा, पैशांची पावती घ्यावी आणि करारनामा वाचल्यावाचून पासपोर्ट हातचा सोडू नये. देशात असो वा परदेशात, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवू नयेत. पडताळणीपुरती दाखवावीत आणि प्रती द्याव्यात. पदवीचा कागद दुसऱ्याच्या ताब्यात गेला की नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्यही त्याच्या ताब्यात जाते.

यावर कोणी म्हणेल, की गरजू माणसाला अटी घालण्याची चैन परवडते काय? आक्षेप खोटा नाही. वर्षभर घरी बसलेला पदवीधर आणि वातानुकूलित कचेरीतला सल्लागार यांचे बळ सारखे नसते. परंतु फसवणुकीचा घाव गरजूलाच अधिक खोल लागतो. आईचे दागिने गहाण टाकून भरलेली अनामत रक्कम परत मिळत नाही, आणि बुडालेल्या पैशाबरोबर घरातला विश्वासही बुडतो. कंपनीचे नाव विचारणे, पगार लिहून मागणे आणि पैसे देण्यास नकार देणे यांना काही खर्च येत नाही.

येथे शिक्षकांचेही कर्तव्य आहे. अर्जाचा मसुदा लिहिण्यास आपण शाळेत शिकवितो. अर्ज कोणाच्या हाती द्यावा, हे मात्र शिकवीत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात दोन तासिका या विषयाला दिल्या तरी पुष्कळ साधेल. सरकारनेही परदेशी भरतीला लावलेली शिस्त देशांतर्गत भरतीलाही तितक्याच काटेकोरपणे लावावी, ही मागणी पदवीधरांच्या संघटनांनी धरली पाहिजे. तोवर उमेदवाराने इतके तरी ध्यानी धरावे, की सल्लागार कंपनीचा माणूस आहे. त्याचे साहाय्य जरूर घ्यावे; आपल्या हिताची राखण मात्र स्वतःच करावी.