अक्षरं नाचत नसतात

डिस्लेक्सिया म्हटलं की २००७ सालच्या ‘तारे जमीं पर’मधली नाचणारी अक्षरं आठवतात. हा शब्द घराघरांत नेला तो या चित्रपटाने, हे मान्यच. पण त्याच्यासोबत ‘या मुलांना अक्षरं उलटीसुलटी दिसतात’ ही समजूतही गेली, आणि ती काही केल्या निघत नाही. अमेरिकी डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५मध्ये थोडंफार असंच मांडलं होतं. पुढच्या संशोधनात ते टिकलं नाही. नुकतंच लिहायला लागलेलं कुठलंही मूल ३ किंवा ६ उलटा काढतं. तेवढ्यावरून काही ठरत नाही.

खरी अडचण बहुतेकदा ध्वनींशी असते. ‘कमळ’मधला क काढला तर काय उरतं, ‘पाटी’शी कोणता शब्द जुळतो, असल्या तोंडी खेळांतच ही मुलं अडखळतात. त्यांना ऐकू नीट येतं. पण शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं जड जातं. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३मध्ये दाखवलं, की चार-पाच वर्षांच्या मुलांना ध्वनींची जाण किती आहे यावरून पुढच्या वाचनाचा अंदाज येतो. ध्वनींचा सराव प्लॅस्टिकची अक्षरं हाताळत घेतला, तेव्हा मुलांची सर्वांत जास्त प्रगती झाली. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांचा डिस्लेक्सियावर उपयोग होतो असा पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९मध्ये संयुक्तपणे सांगितलं. (नंबर असेल तर चष्मा हवाच, तो प्रश्न निराळा.)

‘मराठी बोलतो तशीच लिहितो, म्हणजे ही भानगड इंग्रजीचीच!’ हे अर्धंच खरं. इंग्रजी स्पेलिंगांपुढे अडचण लवकर उघडी पडते. जर्मनसारख्या नियमित लेखनाच्या भाषेत अशी मुलं बऱ्यापैकी अचूक वाचू लागतात, पण अतिशय सावकाश. तिथे चुका मोजून भागत नाही, वेग पाहावा लागतो. शिवाय देवनागरी वाटते तितकी सरळ नाही. ‘दिवा’तली वेलांटी लिहायची द-च्या आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला र ऐकू येतो य-च्या आधी, बसतो त्याच्या डोक्यावर.

बुद्धीचं काय? ‘ढ’ हा शिक्का तर चूकच. १८९६मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत दिली. गणितात चांगला, पण स्वतःचं नावही चुकीचं लिहिणारा. शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. मात्र डिस्लेक्सिया म्हणजे छुप्या प्रतिभेची खूण, हेही तितकंच खोटं. तो कमी-जास्त बुद्ध्यांकाच्या सगळ्या मुलांत आढळतो.

गणिताकडे वळलं की ‘पाढे पाठ करून घ्या’ हा एकच उपाय सुचवला जातो. पण डिस्कॅल्क्युलियात, म्हणजे गणितातल्या अशाच अडचणीत, मुळात संख्या किती मोठी याचाच अदमास लागत नाही. चौथीतलं मूल पाच अधिक तीनसाठी बोटं मोजतं. साधारण ३ ते ७ टक्के मुलांमध्ये हे आढळतं. मराठी संख्यानामांचा त्रास वेगळा, तो सगळ्याच मुलांना होतो: ‘बासष्ट’ म्हणताना दोन आधी, लिहिताना सहा आधी. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ दोन’ आणलं तेव्हा केवढी थट्टा झाली! पण कल्पना पोरकट नव्हती. झेक भाषेत संख्या दोन्ही रीतींनी म्हणता येते, आणि तिथल्या मुलांच्या अंकांची उलटापालट करणाऱ्या चुका एकक आधी म्हणायच्या रीतीत कितीतरी जास्त होतात.

भाषाविकासातल्या अडचणीबद्दल, म्हणजे बोललेलं समजायला आणि स्वतः बोलायला जड जाण्याबद्दल, सर्वांत कमी बोललं जातं. इंग्लंडमधल्या २०१६च्या पाहणीत ती सुमारे ७ टक्के मुलांत आढळली, म्हणजे तिसांच्या वर्गात दोघांना. ‘घरी मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून गोंधळतो, मराठी बंद करा,’ हा सल्ला निराधार आहे. दोन भाषांमुळे ही अडचण होत नाही; असलीच तर ती दोन्ही भाषांत दिसते.

आता ‘मोठा झाला की येईल’. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तर डिस्लेक्सियाच्या आणि इतर मुलांच्या वाचनात पहिलीत दिसलेली दरी पुढेही राहिली. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया यांसारख्या अध्ययन अक्षमतांचा समावेश झाला. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. पालकांची धावपळ बहुधा दहावी जवळ आल्यावर त्यासाठीच सुरू होते. सवलतीने पेपर पुरा होतो, वाचन येत नाही. त्यासाठी ध्वनी आणि अक्षरांचा रोज, थोडा थोडा, ठरावीक क्रमाने सराव लागतो, आणि तो पहिली-दुसरीतच सुरू करता येतो, प्रमाणपत्राची वाट न पाहता.