सॉकेटला एक दात वाढवला, तरी गाडी हळू का पळते? जुन्या रेसिंग बाइकच्या गिअरचे गणित

लासूर स्टेशन : बाजारगावातल्या गॅरेजसमोर जुनी यामाहा आरएक्स १०० उभी राहिली की एक प्रश्न हमखास निघतो. 'पुढचे चेन-सॉकेट मोठे टाकले तर गाडी किती पळेल?' लासूर स्टेशन ज्या गंगापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला. कावासाकी बजाज केबी १०० पुढच्याच वर्षी बाजारात आली, तर आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली. या टू-स्ट्रोक गाड्या शर्यतीसाठी तयार करणारे आजही आहेत. मात्र 'मोठे सॉकेट म्हणजे जास्त वेग' हा समज अनेकदा चुकतो आणि इंजिनावर बेततो.

एका दाताने काय बदलते?

समजा, पुढच्या सॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दात आहेत. पुढचे सॉकेट तीन वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. पुढे १५ दात केले की हे प्रमाण ३ वरून २.८ वर येते. मागे तीन दात कमी केले तरी जवळपास तोच परिणाम होतो. म्हणून पुढचा एक दात हा मोठा बदल, तर मागचा एक दात बारीक बदल.

कागदावर वेग, रस्त्यावर नाही

आरएक्स १०० चे इंजिन ७,५०० आरपीएमला सर्वाधिक, म्हणजे सुमारे ११ हॉर्सपॉवर ताकद देते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ८.४ फेरे म्हणजे चाकाचा एक फेरा आणि टायरचा घेर १.८५ मीटर धरला, तर त्या आरपीएमला वेग ताशी ९९ किलोमीटर होतो. पुढे एक दात वाढवला की कागदावर तोच वेग १०६ होतो.

पण वाऱ्याचा अडथळा तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग ७ टक्के वाढवायचा तर ताकद जवळपास २३ टक्के जास्त हवी. ती इंजिनात नसते. मग इंजिन ७,५०० पर्यंत पोहोचतच नाही आणि गाडी आधीपेक्षाही कमी पळते.

उलट गिअरिंग फार 'छोटे' ठेवले तर गाडी उठते झटक्यात, पण सरळ रस्ता संपण्याआधीच इंजिन किंचाळू लागते. तसेच ताणत राहिले तर पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येतो, टू-स्ट्रोक इंजिन तापून सीझ होऊ शकते.

मग सॉकेट निवडायचे कसे?

ट्रॅकवरचा सर्वांत लांब सरळ भाग पाहायचा. तो संपता संपता टॉप गिअरमध्ये इंजिन सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमला पोहोचले पाहिजे. आधीच पोहोचत असेल तर मागचा एक दात कमी करायचा, पोहोचतच नसेल तर एक वाढवायचा. एका वेळी एकच बदल.

त्यामुळेच एकच गिअरिंग सगळीकडे चालत नाही. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लांब सरळ भाग होते, तर १९९० मध्ये सुरू झालेल्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वळणांना महत्त्व आहे. मातीतल्या शर्यतीत मागचे सॉकेट आणखी मोठे लागते. ४०२ मीटरच्या ड्रॅगमध्ये शेवटची रेघ हेच सरळ रस्त्याचे टोक.

गिअर जास्त कशासाठी?

जास्त गिअर वेगासाठी नसतात, इंजिन ताकदीच्या पट्ट्यात ठेवण्यासाठी असतात. रेसिंगसाठी पोर्ट कापून, सायलेन्सर बदलून तयार केलेले टू-स्ट्रोक इंजिन, समजा, ८,००० ते १०,००० आरपीएमलाच जोर देते. गिअर टाकताना आरपीएम २५ टक्के घसरले तर ते ७,५०० वर येते आणि गाडी मेल्यासारखी होते. गिअर जवळजवळचे असतील, घसरण १७ टक्क्यांची असेल, तर इंजिन ८,३०० वर राहते. जोर सुटत नाही.

म्हणूनच रुंद पट्ट्यात ओढणाऱ्या ५०० सीसी सिंगल सिलिंडर मँक्स नॉर्टनला चार गिअर पुरले, तर राजदूत ३५० ला सहा होते. सुझुकीच्या १९६७ च्या ५० सीसी रेसरला तर तब्बल १४ गिअर होते! १९६९ पासून त्या गटात सहा गिअरची मर्यादा आली.

जवळच्या गिअरची किंमतही असते. पहिला गिअर 'लांब' होतो, सुरुवातीला क्लच घसरवत गाडी उचलावी लागते.

आधी काय करावे?

आधी सॉकेट, नंतर गिअरबॉक्स. सॉकेट बदलणे स्वस्त आणि सोपे, गिअरबॉक्ससाठी इंजिन उघडावे लागते. इंजिन मूळ अवस्थेत असेल तर चार गिअर बहुधा पुरतात. झिजलेल्या चेनवर नवे सॉकेट चढवू नये, दोन्ही सॉकेट आणि चेन एकत्र बदलावी.

आणि हे प्रयोग फक्त ट्रॅकवरच. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.