कानातला टॅग, जनावराचा माग

टॅग म्हणजे काय? गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या कानात बसवलेला पिवळा प्लास्टिकचा बिल्ला. त्यावर 12 आकडी क्रमांक. एक क्रमांक एकाच जनावराला.

नोंद कुठे? ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन प्रणालीत. मालक, गाव, जात, वय, लसीकरण. टॅग ओळख पटवतो, ठावठिकाणा सांगत नाही. बाजारात जनावर विकले गेले आणि मालकीबदल नोंदला नाही, तर माग तिथेच तुटतो.

महाराष्ट्रात: 1 जून 2024 पासून टॅगशिवाय खरेदी-विक्रीला मनाई.

माग कशासाठी? लाळ्या खुरकूत झालेले जनावर लक्षणे दिसण्याआधीच विषाणू पसरवू शकते. ब्रिटनमध्ये 20 फेब्रुवारी 2001 रोजी या रोगाचे निदान पक्के झाले, तोवर बाधित मेंढ्या बाजारांमधून दूरदूरच्या जिल्ह्यांत पोहोचल्या होत्या. साथ आवरताना 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

लसी (राष्ट्रीय मोहीम, 2019 पासून)
- लाळ्या खुरकूत: दर 6 महिन्यांनी.
- ब्रुसेलोसिस: 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना, आयुष्यात एकदाच.

लम्पी हा गुरांचा त्वचारोग वेगळा: तो डास, माश्या, गोचिडांमार्फतही पसरतो. त्यामुळे वाहतूक रोखण्याबरोबरच गोठ्यात कीटकनाशक फवारणी लागते.