वहीतला जुना नंबर

सकाळी 9:30. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टर्किश टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस उघडतो. पलीकडे मागांची खडखड सुरू झालेली. ऑफिसातल्या संगणकाचा पासवर्ड परवापरवापर्यंत ‘सिद्धेश्वर123’ होता, म्हणजे निम्म्या सोलापूरला तोंडपाठ. आता एकमेकांशी नातं नसलेल्या चार शब्दांचा आहे. पाठ व्हायला मला आठवडा लागला.

10:00. टॅलीचा बॅकअप. हार्ड डिस्क दोन. एक इथं, दुसरी अण्णांच्या घरच्या कपाटात. कॉपी झाली की वायर काढायची, कारण फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही. आमचा माल न्हावाशेवाहून जातो. तिथल्या एका टर्मिनलचं काम जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’नं ठप्प केलं होतं. हा दाखला दिल्यावरच अण्णांनी दुसऱ्या डिस्कचे पैसे काढले.

11:40. सुताच्या व्यापाऱ्याचा मेल : ‘ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा.’ बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर. पत्त्यात मात्र इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसलेले. चष्मा लावूनही चटकन दिसत नाही. मेलखालच्या नंबरावर फोन करण्यात अर्थ नाही, तिथं चोरच उचलणार. वहीतल्या जुन्या नंबरावर लावला. कुणी उचलला नाही.

“आज भरलं तर सूट आहे की,” अण्णा म्हणाले.

“ते स्वतः बोलल्याशिवाय नाही, अण्णा.”

एन्ट्री माझी, मंजुरी त्यांच्या मोबाइलवरून. एकट्यानं पैसे हलत नाहीत. मी एन्ट्रीच केली नाही. अण्णा चहा न घेता मागांकडं गेले.

2:00. कडक भाकरी, शेंगाचटणी. पॅकिंगच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आलेली. उघडणारच होता. “तुझ्याकडं गाडी कुठाय बे?”

5:00. उद्या सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर 2018 मध्ये पहिला घाला पडला तो 11 ऑगस्टला, शनिवारीच. 13 तारखेला पुन्हा. 94 कोटींहून जास्त गेले. म्हणून शनिवारी मी नेट बँकिंगची मर्यादा खाली आणतो आणि अपडेट लावून ठेवतो. पैसे गेलेच तर लगेच फिरवायचा 1930 हा नंबर भिंतीवर आहे, कॅलेंडरशेजारी.

6:20. व्यापाऱ्याचा फोन. लग्नात होते. “खातं? मी कशाला बदलू?”

“मग आमच्या बिलाचा नंबर चोराला कळला कसा? तुमचा नाहीतर आमचा मेल कुणीतरी वाचतंय. पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला.”

“तो पोरालाच माहितीय हो. तो पुण्याला असतो.”

फोन ठेवला आणि आधी आमचा बदलायला बसलो.