तिकीट कायद्यात नाही, चिन्ह आहे

विधानसभेची निवडणूक जाहीर झाली की कुणाचे तिकीट पक्के झाले आणि कुणाचे कापले गेले, याचीच चर्चा महिनाभर चालते. त्या चर्चेतून एक समज घट्ट बसला आहे. तिकीट ही कायद्याने ओळखलेली गोष्ट आहे, ती देण्याची काही ठरलेली रीत आहे आणि निवडणूक आयोग त्यावर नजर ठेवतो, असा तो समज. प्रत्यक्षात लोकप्रतिनिधित्व कायद्याला तिकीट ठाऊकच नाही. त्या कायद्यानुसार उमेदवाराचे नाव पक्ष सुचवत नाही, मतदार सुचवतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. उमेदवार त्याच मतदारसंघातला मतदार असावा लागतो हेही खरे नाही. वय पंचवीस पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असले की पुरते. पक्षाचा प्रश्न येतो तो फक्त चिन्हापुरता. १९६८ च्या निवडणूक चिन्हे आदेशानुसार एखाद्याला पक्षाचा उमेदवार मानायचे, तर दोन कागद वेळेत पोचावे लागतात. ए फॉर्ममध्ये उमेदवार ठरवण्याचा अधिकार पक्षाने कुणाला दिला आहे हे लिहिलेले असते, आणि बी फॉर्ममध्ये त्या अधिकृत व्यक्तीने कुणाचे नाव दिले आहे ते. सही शाईची हवी, शिक्का चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद पोचले तर चिन्ह मिळते, नाही तर नाही.

हे समजले की दुसरा गैरसमज आपोआप उलगडतो. पक्षाच्या यादीत नाव आले म्हणजे उमेदवारी मिळाली असे आपण धरून चालतो, पण यादी हे पक्षाचे प्रसिद्धिपत्रक असते. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत दक्षिण सोलापूरसाठी काँग्रेसच्या यादीत दिलीप माने यांचे नाव जाहीर झाले होते, तरी एबी फॉर्म त्यांच्या हाती पडला नाही. मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये उलटे घडले. नवाब मलिक यांच्यासाठी राष्ट्रवादीचा एबी फॉर्म २९ ऑक्टोबरला मुदत संपायला काही मिनिटे उरली असताना पोचला आणि ते पक्षाचे उमेदवार ठरले. सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूर उत्तरचे. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, विरोध झाल्यावर ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली, आणि ४ नोव्हेंबरला माघारीच्या अखेरच्या मिनिटांत मधुरिमाराजेंनी अर्ज मागे घेतला. लाटकर अपक्ष म्हणून रिंगणात होते. काँग्रेसने त्यांना पाठिंबा दिला, पण चिन्ह देता आले नाही, कारण बी फॉर्म बदलण्याची मुदत सहा दिवसांपूर्वीच संपली होती. शहरातल्या त्या मतदारसंघात मतदान यंत्रावर ‘हात’ नव्हता. मतदारांनी काय निवडावे याचा एक पर्याय त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच गळाला, आणि त्यात कोणताही कायदा मोडला गेला नाही.

मग निर्णय घेतो कोण? यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. कुणी म्हणतो, सर्व्हे आणि स्थानिक कार्यकर्त्यांचे मत यावर ठरते. कुणी म्हणतो, सगळे दिल्लीत ठरते. दोन्हींत थोडे तथ्य आहे. इच्छुकांकडून अर्ज मागवले जातात, मुलाखती होतात, निरीक्षक जिल्ह्यांत फिरतात, भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांत प्रदेश पातळीवरून नावे केंद्रीय निवडणूक समितीकडे जातात. प्रादेशिक पक्षांत ती नेत्याच्या निवासस्थानी ठरतात. पण ही सारी रीत पक्षाने स्वतःसाठी ठरवलेली आहे आणि ती पाळली गेली नाही तर विचारणारे बाहेरचे कुणीच नाही. तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एकमुखाने सुचवलेले नाव डावलले गेले, तरी बी फॉर्मवरची सही तेवढीच वैध राहते. विद्यमान आमदाराचाही तिकिटावर हक्क नसतो. आघाडीला किंवा युतीला तर या कागदपत्रांत स्थानच नाही. जागावाटपात जागा मित्रपक्षाला सुटली असली तरी दुसऱ्या पक्षाने तिथे बी फॉर्म दिला की तो उमेदवार वैध असतो, आणि त्यालाच आपण मैत्रीपूर्ण लढत म्हणतो. सारे या सहीवर येऊन ठेपते, म्हणूनच फुटीनंतर शिवसेनेचा आणि राष्ट्रवादीचा वाद चिन्हावरून इतका टोकाला गेला. धनुष्यबाण किंवा घड्याळ कुणाचे, याचा व्यवहारातला अर्थ होता ए फॉर्मवर सही करण्याचा अधिकार कुणाचा. १७ फेब्रुवारी २०२३ च्या शिवसेनेबद्दलच्या निकालात निवडणूक आयोगाने पक्षातल्या नेमणुका निवडणुकीविना होतात यावर कडक शब्दांत बोट ठेवले, पण ते बोलण्याची वेळ पक्ष फुटल्यावर आली. पक्ष एकसंध असेपर्यंत हा प्रश्न आयोगासमोर सहसा येत नाही.

डावललेल्याने न्यायालयात जावे, असे सुचवणारेही भेटतात. पण तो रस्ता फार अरुंद आहे. संविधानाच्या ३२९ व्या अनुच्छेदामुळे निवडणूक सुरू झाल्यावर न्यायालये मध्ये पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात स्पष्ट केले. शिवाय तिथे प्रश्न अर्ज नाकारण्याचा होता. पक्षाने कुणाची निवड करावी हा तर पक्षाचा अंतर्गत मामला मानला जातो. गुन्हे असलेल्याला तिकीट देता येत नाही हाही असाच एक दिलासा देणारा गैरसमज. बंदी आहे ती दोषसिद्धीवर, म्हणजे सर्वसाधारणपणे दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली तर. खटला प्रलंबित असेल तर उमेदवारी वैध असते. मात्र इथे सर्वोच्च न्यायालयाने पक्षांच्या दारात एक पाऊल टाकले आहे. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार अशा उमेदवाराला का निवडले, दुसरा स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने जाहीर करायची आहेत, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढे कारण पुरणार नाही. बिहारच्या निवडणुकीत हा आदेश नीट पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना न्यायालयाने दंड केला. काही पक्षांना तो एक लाख रुपये होता आणि काहींना पाच लाख. रक्कम पक्षांच्या खर्चापुढे नगण्य आहे. तरीही या आदेशाचे मोल मोठे आहे. उमेदवार का निवडला हे मतदाराला सांगण्याची जबाबदारी पक्षावर पहिल्यांदाच आली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. पक्ष ही नागरिकांनी स्वेच्छेने बांधलेली संघटना आहे, संघटना करण्याचे स्वातंत्र्य संविधानानेच दिले आहे, मग तिच्या घरात कायद्याने का शिरावे? क्रीडामंडळाबाबत हा युक्तिवाद मला पटला असता. पण मान्यताप्राप्त पक्षाला राखीव चिन्ह मिळते, सूचक एकच लागतो, मतदार याद्या मोफत मिळतात, आकाशवाणी आणि दूरदर्शनवर प्रचाराची वेळ मिळते, उत्पन्नावर आयकरातून सूट मिळते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर आमदाराला पक्षादेश मोडला की आमदारकी गमावण्याच्या धाकात ठेवले आहे. निवडून आल्यावर आमदार पक्षाच्या शिस्तीत इतका बांधला जात असेल, तर त्या पक्षाने त्याला निवडले कसे, हा केवळ पक्षाचा घरगुती प्रश्न उरत नाही. आणि कायदा इथे शिरत नाही असेही नाही. महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, तिथे पक्षांना निवडीचे स्वातंत्र्य आवरावेच लागते. स्त्रियांसाठी असे बंधन अजून लागू झालेले नाही, आणि २०२४ मध्ये २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या. स्त्रियांना मतदार मते देत नाहीत, असे यावर सांगितले जाते. पण मतदारापुढे पक्षाच्या चिन्हावर स्त्री उमेदवार येते ती पक्षाने बी फॉर्म दिला तरच, त्यामुळे हा दोष आधी पक्षांच्या माथी जातो.

दुसरा आक्षेप अनुभवी कार्यकर्त्यांचा असतो. सदस्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवू लागलो तर पैसा आणि जात आणखी एक पायरी आधी शिरतील, पक्षात उभी फूट पडेल, आणि निवडून येणारा माणूस नेत्यालाच कळतो, असे ते म्हणतात. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला, त्यात लातूर आणि वर्धाही होते, आणि दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. पण त्या वर्षी काँग्रेसला राज्यात केवळ नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या. श्रेष्ठींनी निवडलेले बाकीचे उमेदवारही पडले, मग दोष पद्धतीचा कसा म्हणायचा? आणि नेत्याला निवडून येणारा माणूस कळतो, तर १९९५ मध्ये राज्यात ४५ अपक्ष कसे निवडून आले, ज्यांत काँग्रेसने डावललेले कित्येक होते? पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणून निवडीचा अधिकार एका सहीत कोंडणे मला मान्य नाही, कारण एकाच सहीभोवती पैसा गोळा होणे अधिक सोपे असते. जर्मनीत कायद्यानेच उमेदवार पक्षाच्या सदस्यांनी किंवा त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने ठरवायचे असतात. तिथेही पक्षनेतृत्वाचे वजन चालते, पण ते मतपेटीतून जावे लागते.

इथे लगेच तेवढे होईल अशी माझी अपेक्षा नाही. विधी आयोगाने १९९९ मध्ये पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायदा सुचवला होता, तो झाला नाही, आणि तो करणे ज्यांच्या हाती आहे त्यांचीच सत्ता त्याने कमी होईल. पण चिन्हे आदेश आयोगाने स्वतः काढलेला आहे आणि त्यात आयोगाने वेळोवेळी स्वतः दुरुस्त्या केल्या आहेत. ही निवड कोणत्या बैठकीत झाली, तिथे किती जण हजर होते, किती नावांमधून हे नाव निघाले, एवढे सांगणारे पदाधिकाऱ्यांच्या सह्यांचे एक पान बी फॉर्मला जोडणे आयोग सक्तीचे करू शकतो, आणि उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रासारखेच ते छाननीच्या आधी संकेतस्थळावर टाकू शकतो.