गलगंडाच्या पलीकडे

१९५६ साली कांगडा खोरे पंजाब राज्यात होते. तिथल्या गावांत गळ्याशी गाठ असलेली माणसे इतकी दिसत, की तो आजार आहे असे कुणाला वाटेनासे झाले होते. पाऊस आणि बर्फाने डोंगरउतारावरच्या मातीतले आयोडीन युगानुयुगे धुऊन नेले. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून अंगात नाही. आयोडीनवाचून गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करता येत नाही. तरीही पिट्युटरी ग्रंथीचा तगादा चालूच राहतो आणि थायरॉईड फुगत जाते.

त्या वर्षी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ गेले, तिसऱ्यात साधे. १९६२पर्यंत पहिल्या दोन भागांतला गलगंड ठळकपणे ओसरला; तिसऱ्यात तो तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचे मीठ सुरू झाले आणि तिथलाही गलगंड उतरला. याविषयीच्या १९७३च्या शोधनिबंधावर देव आणि करमरकर ही दोन मराठी आडनावेही आहेत.

मला मात्र तो तिसरा भाग अस्वस्थ करतो. स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत अशा मिठाचा गुण १९२०च्या दशकातच दिसला होता. आपल्याकडे तो सिद्ध करायला हवा होता, हे मान्य; पण त्या सहा वर्षांत तिथल्या बायकांना दिवस गेले, मुले झाली. आणि त्यांच्या जिवावर मिळालेला पुरावा हाती असताना आपण काय केले? १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला खरा, पण पुढची वीसेक वर्षे तो बहुतांशी हिमालयाच्या पट्ट्यापुरताच राहिला. गलगंड म्हणजे फार तर दिसायला वाईट, असाच समज होता.

तो समज मोडला नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्ताने. डॉ. एन. कोचुपिल्लै आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या देवरिया, गोंडा या जिल्ह्यांत थायरॉक्सिन मोजले, तेव्हा त्याची कमतरता असलेल्या बाळांचे प्रमाण दिल्लीच्या कितीतरी पट निघाले. गर्भातल्या आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतल्या मेंदूला हे संप्रेरक मिळाले नाही, तर बुद्धी कायमची मंदावते, ऐकू येणेही जाऊ शकते. ज्याच्या गळ्यावर काहीच दिसत नाही, असे मूलही यातून सुटत नाही. या संशोधनाचे सगळ्यात मोठे देणे मला हेच वाटते.

त्यानंतर सगळ्या देशासाठी आयोडीनयुक्त मिठाचे धोरण आले, आणि १९९२मध्ये कार्यक्रमाच्या नावातला गलगंड जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावरची बंदी १९९८मध्ये लागू झाली, २००० साली केंद्राने ती उठवली, २००६मध्ये पुन्हा आणली. मधली ती वर्षे मला अक्षम्य वाटतात.

आज चित्र बदलले आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणच्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांची थायरॉईड मंद आढळली. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश जणांना त्याचा पत्ताच नव्हता. आता बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर उलटलेली असते. त्यावर मिठाचा उपाय नाही; रोज उपाशीपोटी घ्यायची स्वस्त गोळी आहे. जन्मतःच थायरॉईड मंद असलेल्या बाळालाही तीच गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर बहुतेकदा त्याची वाढ इतर मुलांसारखी होते. त्यासाठी टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब पुरतात. गोव्याने २००८मध्येच नवजातांची तपासणी सुरू केली होती. देशातल्या प्रत्येक बाळाला मात्र ती अजून मिळत नाही.