सेवेचा हुद्दा होऊ नये म्हणून

दानधर्माच्या रूढ कल्पनेत देणारा वरच्या पायरीवर उभा असतो आणि घेणारा खालच्या. एकाच्या पदरी पुण्य पडते, दुसऱ्याची गरज भागते, आणि दोघेही आपापल्या जागी समाधानाने परततात. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्या स्त्रीपुरुषांची ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही जी फेलोशिप आज जगभर पसरली आहे, आणि जिला तिचे सभासद नुसते ‘एए’ म्हणतात, तिने या व्यवहाराचा जमाखर्च मुळातच निराळा मांडला. मदत मागणाऱ्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, मदत करणाऱ्याला त्या मदतीची गरज असते, हे तिचे आद्य गृहीतक होय. आणि तिचे नियम, तिची निवडणूक, तिची तिजोरी आणि तिचे अनामत्व यांचा उलगडा या एका गृहीतकाच्या उजेडातच होतो.

हे गृहीतक कोणा तत्त्वज्ञाच्या चिंतनातून आलेले नसून एका प्रचारकाच्या सपशेल अपयशातून आलेले आहे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेले बिल डब्ल्यू. यांनी डिसेंबर १९३४ मध्ये टाउन्स हॉस्पिटलात उपचार घेऊन दारू सोडली, आणि त्यानंतरचे महिने, नवदीक्षिताला शोभेल अशा आवेशाने, भेटेल त्या मद्यप्याचा उद्धार करण्यात घालवले. त्यांपैकी एकही सुधारला नाही. परंतु उद्धारकर्ता स्वतः मात्र या अवधीत दारूपासून दूर राहिला होता, ही गोष्ट त्यांच्या पत्नीने, लोईस यांनी, त्यांच्या ध्यानात आणून दिली. उपदेश बाजूला ठेवून हा एक रोग आहे एवढेच आधी सांगत जा, असा सल्ला त्याच हॉस्पिटलातील डॉ. सिल्कवर्थ यांनी दिला. पुढे मे १९३५ मध्ये ओहायो प्रांतातील ॲक्रन शहरी एक व्यापारी व्यवहार फिसकटल्यामुळे बिल एकटे पडले आणि मद्यगृहाची ओढ अनावर होऊ लागली, तेव्हा हॉटेलातील दूरध्वनीवरून त्यांनी शोध केला तो दुसऱ्या एखाद्या मद्यप्याचा; आणि हा शोध त्यांनी स्वतःच्या बचावासाठी केला. त्यातून ज्यांची गाठ पडली ते शल्यविशारद डॉ. बॉब केवळ पंधरा मिनिटे देण्याच्या अटीवर आले आणि रात्रीपर्यंत बोलत बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांना सुधारायला आलेला नव्हता, आपली हकीकत सांगायला आलेला होता. डॉ. बॉब यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस, १० जून १९३५, हाच फेलोशिपचा स्थापनादिन मानला जातो. त्यानंतर थोड्याच दिवसांत दोघे मिळून ॲक्रनच्या रुग्णालयात तिसरा माणूस शोधायला गेले, आणि तेथे त्यांना एक वकील भेटला. पुढील काळात सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्या साहाय्याने डॉ. बॉब यांनी ५,००० हून अधिक मद्यपी रुग्णांवर विनामोबदला उपचार केले.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या फेलोशिपच्या ग्रंथात व्यसनमुक्तीच्या ज्या बारा पायऱ्या ग्रथित झाल्या, त्यांतील शेवटची पायरी म्हणजे हाच संदेश अन्य पीडितांपर्यंत पोचवणे. परंतु सेवेची व्याप्ती तेवढ्यावर संपत नाही. सभेच्या आधी येऊन खुर्च्या मांडणे, चहा करणे, पुस्तके मांडून ठेवणे, दारात उभे राहून नवख्याचे स्वागत करणे, अपरात्री आलेला फोन उचलणे, रुग्णालयात व तुरुंगात सभा नेणे, आणि ‘स्पॉन्सर’ म्हणून एखाद्या नवागताला पायऱ्यांची वाट दाखवणे, या साऱ्यांची गणना सेवेतच होते. काल ज्याच्यावर घरच्यांनी कपाटाची किल्लीदेखील सोपवली नसती, त्याच्या हाती आज समूहाच्या चहासामानाची जबाबदारी येते. आणि आपण येऊ म्हणून कोणी तरी वाट पाहत आहे, ही जाणीव त्याला पुढील आठवड्याच्या सभेपर्यंत आणून सोडते. घरी मदतीला बोलावणे आले तर दोघांनी मिळून जावे, असा संकेत आहे. एकट्या माणसावर तो प्रसंग उलटण्याचा संभव असतो, हे त्यामागील व्यवहारज्ञान.

मदत करणाऱ्यालाच मदतीचा गुण येतो, हे तत्त्व समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली शास्त्रीय परिभाषेत मांडले. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनसंस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांचा विचार केलेला असून, रुग्णांना पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपक्रम संपूर्ण मद्यत्याग टिकवण्यात इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरल्याचा निष्कर्ष त्यात आहे. त्या आढाव्याचा विषय एकंदर पद्धती हा होता, एकट्या सेवेचे मोजमाप हा नव्हता, एवढे मात्र प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

परंतु सेवा हे औषध मानले म्हणजे त्याच्या अतिरेकाचे भयही ओघानेच आले. ज्याने आज खुर्च्या मांडल्या, तो उद्या खुर्चीवर हक्क सांगू लागतो, हा सार्वजनिक कार्याचा आपल्याकडचा जुना अनुभव. पाटीलकी वा देशमुखी जशी पिढ्यान्पिढ्या वतनात रुतून बसे, तशी सेवाही सेवेकऱ्याच्या घरी रुतून बसते. एएच्या समूहजीवनाचे नियम सांगणाऱ्या बारा परंपरांनी, ज्या १९४६ साली प्रसिद्ध झाल्या आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या, या धोक्याचा पुरता बंदोबस्त केला. पुढारी हे विश्वासू सेवक असून त्यांना सत्ता नाही, अशी त्यांत स्पष्ट ताकीद आहे. सचिव, खजिनदार, प्रतिनिधी ही सारी पदे ठरावीक मुदतीची असतात, आणि मुदत सरताच दप्तर दुसऱ्याच्या हाती देऊन मावळता पदाधिकारी पुन्हा साध्या सभासदांत येऊन बसतो. प्रतिनिधींच्या निवडणुकीत दोनतृतीयांश मते मिळवावी लागतात, आणि वारंवार मतदान होऊनही निकाल लागला नाही तर उरलेल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, जेणेकरून कोणाला जयाचा मद चढू नये आणि कोणी पराभवाचे शल्य उरी बाळगू नये.

हेच धोरण पैशाच्या बाबतीत. १९३८ साली जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांच्याकडे मोठ्या रकमेची अपेक्षा करण्यात आली असता, अधिक पैसा या कार्याचा नाश करील अशा आशयाचा इशारा देऊन त्यांनी केवळ ५,००० डॉलर दिले. प्रारंभी निराश करणारे ते शहाणपण पुढे सातव्या परंपरेत स्थिरावले. प्रत्येक समूहाने स्वतःच्या सभासदांच्या वर्गणीवर चालावे आणि बाहेरील देणगी नाकारावी, असा दंडक झाला. मानसन्मानाच्या बाबतीतही तीच वृत्ती; अनामत्वाच्या दंडकातून संस्थापकांनीही आपल्याला वगळले नाही. येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी बिल डब्ल्यू. यांनी १९५४ मध्ये सविनय नाकारली, आणि पुढच्याच वर्षी सेंट लुईस येथे फेलोशिपची धुरा प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवली.

भारतात एएचा आरंभ १९५७ साली झाला, आणि देशाचे मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे. महाराष्ट्रात व गोव्यात मराठीतून चालणारे समूह आहेत. याच तत्त्वाचे एक निराळे, वैद्यकीय चौकटीतले रूप पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात दिसते. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर उभारलेल्या त्या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. तेथे त्यांना वेतन मिळते. एएत पायरी दाखवण्याचे वेतन घेणे वर्ज्य आहे. दोन्ही मार्ग आपापल्या जागी योग्यच.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. मुदत संपूनही ज्यांचा शब्द संपत नाही असे जुनेजाणते समूहासमूहांत आढळतात. आणि घरच्या कर्तव्यांपासून पळ काढण्यासाठी सेवेचा आडोसा घेणारे सभासदही असतात, ज्यांच्या पत्नीला पूर्वी ते गुत्त्यावरून परतण्याची वाट पाहावी लागे व आता सभेवरून परतण्याची पाहावी लागते. शिवाय फेलोशिप म्हणजे इस्पितळ नव्हे; दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके व भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते, आणि तेथे प्रथम डॉक्टर हवा, सभा त्यानंतर.

हे सारे वाचून एखाद्या वाचकाच्या, मंदिराच्या विश्वस्ताच्या वा शाळेच्या संचालकाच्या मनात या मंडळींसाठी काही करावे असे आले, तर त्याने धनादेश लिहू नये. तो परत येईल. त्याऐवजी आपल्या इमारतीतील एक खोली, दर आठवड्याच्या ठरल्या वारी ठरल्या वेळी, त्यांच्यासाठी मोकळी ठेवावी, आणि तिचे वाजवी भाडे त्यांच्याकडून न चुकता घ्यावे.